चितळे, माधव आत्माराम

(जन्म : ८ ऑगस्ट १९३४). स्थापत्य अभियंता, जलनियोजक आणि केंद्रीय जलसंसाधन मंत्रालयाचे माजी सचिव. स्टॉकहोम जल पुरस्कार (१९९३) मिळवणारे पहिले भारतीय. जन्म जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावचा. शालेय शिक्षणही तेथेच. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५५ मध्ये ते स्थापत्य शाखेचे पदवीधर झाले आणि १९५६ मध्ये स्पर्धा परीक्षेतून तेव्हाच्या मुंबई राज्याच्या अभियंता सेवेत वर्ग एकच्या पदावर दाखल झाले.

सेवेचा पूर्वार्ध धरणांच्या बांधकामावर गेला. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील मुळा आणि ठाणे जिल्ह्यातील भातसा ही त्यातली ठळक नावे. मुळा धरण शेतीसाठी बांधलेले, तर भातसा आज मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते राज्याच्या पाटबंधारे खात्याचे सचिव झाले. तेथून दिल्लीत केंद्रीय जल आयोगाचे अध्यक्षपद आणि १९८९ ते १९९२ जलसंसाधन मंत्रालयाचे सचिवपद, अशी ही चढण आहे. सचिवपदावर बहुधा प्रशासकीय सेवेतील अधिकारी बसतात. कालवे-भरावांच्या कामावरून वर आलेला अभियंता तेथे पोचणे विरळाच.

दिल्लीतले काम वेगळ्या जातीचे होते. तेथे धरण बांधायचे नसते. राज्यांनी आणलेले प्रकल्प तपासायचे असतात आणि एकाच नदीवर हक्क सांगणाऱ्या राज्यांमध्ये वाट काढायची असते. देशाची पहिली राष्ट्रीय जलनीती सप्टेंबर १९८७ मध्ये स्वीकारली गेली ती याच काळात. पाण्याविषयी लोकशिक्षण व्हावे म्हणून दरवर्षी जलसंपत्ती दिन पाळण्याची प्रथाही त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ते सचिव असताना कावेरी लवाद नेमला गेला (१९९०) आणि नर्मदेवरील सरदार सरोवराचा वाद जागतिक बँकेच्या दारापर्यंत गेला. चितळे मोठ्या धरणांचे समर्थक, आणि ही भूमिका त्यांनी कधी झाकून ठेवली नाही. विस्थापितांच्या बाजूने लढणाऱ्यांना ते सरकारी अभियंताच वाटत राहिले, यात नवल नाही. निवृत्तीनंतर १९९३ ते १९९७ या काळात ते आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाचे महासचिव होते.

पुढेही राज्याला अडचण आली की चितळ्यांची समिती नेमायची, असा जणू रिवाज पडला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळून मुंबई बुडाली, तेव्हाच्या सत्यशोधन समितीचे ते अध्यक्ष होते. सिंचन घोटाळ्याच्या आरोपांनंतर डिसेंबर २०१२ मध्ये नेमलेल्या विशेष तपास पथकाची धुराही त्यांच्याकडेच होती. त्या पथकाचा २०१४चा अहवाल विरोधकांना मवाळ वाटला, सत्ताधाऱ्यांना अडचणीचा.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मात्र महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचे. डिसेंबर १९९५ मध्ये नेमलेल्या या आयोगाने जून १९९९ मध्ये अहवाल दिला. त्यात पाण्याचा हिशेब जिल्हा किंवा महसूल विभागावरून न मांडता नदीखोऱ्यावरून मांडला आहे. लागवडीयोग्य जमिनीच्या दर हेक्टरला वर्षाला किती पाणी उपलब्ध आहे, हे त्याचे माप. १,५०० घनमीटरपेक्षा कमी असेल तर ते उपखोरे अतितुटीचे, ३,००० पर्यंत तुटीचे, ८,००० पर्यंत सर्वसाधारण, १२,००० पर्यंत विपुल आणि त्यापुढे अतिविपुल. सर्व पाणी अडवले, भूजलही धरले, तरी राज्याची अंतिम सिंचन क्षमता १२६ लाख हेक्टरांच्या पुढे जात नाही, असे आयोगाने सांगितले. धरणे वाढवत नेली की कोरडवाहू शेती संपेल, या राजकीय आश्वासनाला या एका आकड्याने चाप बसतो.

या मांडणीची कसोटी जालना जिल्ह्यात नीट पाहता येते. १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या या जिल्ह्याचा बराचसा भाग पूर्णा-दुधनेच्या उपखोऱ्यात येतो, तर दक्षिण सीमेवर गोदावरी आहे. गोदावरीवरील जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाचा डावा कालवा अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतून परभणीकडे जातो. बदनापूर, भोकरदन, जाफराबाद मात्र त्या कालव्याच्या वाट्याला येत नाहीत. कालव्याखालच्या पट्ट्यात ऊस वाढला आणि साखर कारखाने उभे राहिले. कमी पावसाच्या तुटीच्या प्रदेशात ऊस नको, अशी आयोगाची शिफारस होती. तिची अंमलबजावणी कोणत्याच सरकारने केली नाही, आणि त्याचे कारण अभियांत्रिकीत शोधून सापडणार नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी तलावाने जालना शहराला अनेक दशके पाणी पुरवले होते. तो अपुरा पडला आणि शहराची भिस्त जायकवाडीवरून आणलेल्या जलवाहिनीवर आली.

खोरेनिहाय समन्यायी वाटपाचे तत्त्व २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आले, त्यामागे आयोगाच्या विचारांचा वाटा आहे. त्या कायद्याखाली १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ठरलेल्या पातळीपेक्षा कमी असेल, तर गोदावरी खोऱ्यातील वरच्या धरणांनी पाणी सोडायचे. नगर-नाशिकमधील लाभधारकांनी त्याला कोर्टात विरोध केला, रस्त्यावरही केला. पण २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये पाणी सोडावेच लागले. पाणी सोडणाऱ्या धरणांत मुळा धरणही आहे. तरुण अभियंत्यांच्या पिढीने नगरच्या शेतीसाठी उभारलेल्या त्या भिंतीमागचे पाणी खालच्या मराठवाड्याचेही आहे, हे राज्याला कायद्याने मान्य करावे लागले.

निवृत्तीनंतर चितळे औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) स्थायिक झाले. पाण्याखेरीज वाल्मीकी रामायणावरही त्यांनी विपुल लेखन आणि प्रवचने केली आहेत. आयोगाचा १९९९चा अहवाल राज्याच्या जलनियोजनाचा संदर्भग्रंथ म्हणून आजही वापरला जातो. त्यातील पीकरचनेविषयीचा भाग तेवढा बाजूला ठेवला जातो.