गोंदिया जिल्ह्यातील स्पार्क प्लग: बदलती इंजिने, बदलते दोष

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दाबलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण ठरलेल्या क्षणी पेटवणे, एवढेच स्पार्क प्लगचे काम. मधोमध धातूची दांडी, तिच्याभोवती ॲल्युमिनाचे पांढरे कवच, बाहेर आट्यांची बॉडी आणि बॉडीला जोडलेला वाकडा इलेक्ट्रोड अशी त्याची रचना असते. मधल्या दांडीचे टोक आणि वाकडा इलेक्ट्रोड यांच्यामधल्या फटीला मिस्त्री ‘गॅप’ म्हणतात. बहुतेक दुचाक्यांत ती ०.५ ते ०.९ मिलिमीटर असते. कॉइलमधून दहा-पंधरा हजार किंवा त्याहून अधिक व्होल्टचा दाब आला की या फटीतून ठिणगी उडते. गॅप वाढली किंवा सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. म्हणूनच झिजलेला प्लग हलक्या चालीत बरा चालतो आणि चढावर, ओझे असताना मिसिंग करतो, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकवतो.

व्होल्टइतकेच महत्त्व तापमानाला आहे. प्लगचे आतले टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये राहिले, तर त्यावर बसणारा कार्बन आपोआप जळून जातो. त्याखाली राहिले तर काजळी साठते. ९५० अंशांच्या आसपास गेले तर ठिणगी उडण्याआधीच तापलेले टोक मिश्रण पेटवते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत वेळ येते. प्लगचे बहुतेक दोष या दोन टोकांमध्ये बसतात. गोंदिया जिल्ह्यात गेल्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत इंधन आणि इंजिने अनेकदा बदलली. प्रत्येक बदलाने नवा दोष आणला आणि मिस्त्रीला नवा नियम शिकवला. जुना नियम मात्र सहसा पुसला गेला नाही, आणि आजच्या अनेक चुकीच्या निदानांचे मूळ तिथे आहे.

विजेच्या ठिणगीने वायू पेटवणारे इंजिन एतिएन लन्वार यांनी १८६० मध्ये पॅरिसमध्ये चालवले. प्लग भरवशाचा झाला तो १९०२ मध्ये, रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी ठिणगीची वीज बनवणारा उच्चदाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग बनवल्यावर. पहिल्या काही दशकांत विमानांच्या प्लगमध्ये अभ्रकाचे कवच असे आणि उत्तम अभ्रकासाठी जग तेव्हाच्या बिहारमधल्या कोडरमा-हजारीबाग पट्ट्याकडे पाहत असे. पेट्रोलमध्ये शिसे मिसळू लागल्यावर ते अभ्रकाला खाऊ लागले आणि १९३०च्या दशकात ॲल्युमिनाचे कवच पुढे आले. आज दुकानात मिळणारा पांढरा प्लग हा त्या बदलाचा वारस आहे.

गोंदिया शहराजवळच्या बिरसी येथे ब्रिटिशांनी १९४० मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, धावपट्टी बांधली. तेव्हाची विमाने पिस्टन इंजिनांची होती आणि त्यांच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असत. त्या काळच्या डाकोटा विमानाची दोन्ही इंजिने चौदा-चौदा सिलिंडरांची, म्हणजे एका विमानाला ५६ प्लग. बिरसीला आज वैमानिकांचे प्रशिक्षण चालते आणि तिथल्या डायमंड डीए-४० विमानाच्या चार सिलिंडरांच्या लायकॉमिंग इंजिनात हीच जुनी पद्धत टिकून आहे: सिलिंडरमागे दोन, एकूण आठ प्लग, आणि दोन स्वतंत्र मॅग्नेटो. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. फेरे थोडे उतरणे स्वाभाविक असते. मर्यादेपलीकडे उतरले आणि इंजिन थरथरू लागले, तर बहुधा एखाद्या प्लगवर शिशाचा थर बसलेला असतो, कारण विमानांचे १०० एलएल पेट्रोल अजून शिसेयुक्त आहे. मग जमिनीवरच इंजिनाचे फेरे वाढवून मिश्रण पातळ करतात. टोक तापते आणि थर जळून निघतो. खालच्या बाजूचे प्लग लवकर माखतात, म्हणून देखभालीत खालचे वर आणि वरचे खाली करण्याची रीत आहे. प्लग न उघडता दोष ओळखण्याची याहून शिस्तशीर पद्धत जिल्ह्यात दुसरी नाही.

शेतात प्लग आला तो पंपाबरोबर. भाताच्या या मुलखात तलाव, बोड्या आणि नाल्यांचे पाणी बांधीत चढवायला पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे छोटे इंजिन सोयीचे होते. मोठी डिझेल इंजिने या कथेत येत नाहीत, कारण डिझेल नुसत्या दाबाने पेटते आणि त्याला प्लग लागत नाही. रॉकेल मात्र पेट्रोलइतके सहज वाफ होत नाही. इंजिन पुरते तापण्याआधीच कॉक फिरवून रॉकेल सोडले, की ते अर्धवट जळते आणि प्लगवर मऊ, कोरडी काजळी बसते. काजळीतून वीज वाहते. ती गॅपमधून उडी मारण्याऐवजी कवचावरून बॉडीत उतरते आणि दोरी कितीही ओढली तरी इंजिन बोलत नाही. उपाय साधा होता: इंजिन पेट्रोलवर पुरेसे तापू द्यायचे आणि बंद करण्याआधी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवायचे. रेशनचे रॉकेल आटले आणि विजेचे पंप वाढले तसे हे इंजिन मागे पडले.

प्लग घराघरांत पोचवला तो दुचाकीने. बॉशची भारतातली विक्री १९२२ मध्ये कलकत्त्यातून सुरू झाली होती. १९५१ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, स्थापन झाली आणि तिचा प्लग देशभरच्या गॅरेजांत रुळला. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी ‘मायकोचा प्लग’ हे नाव जुन्या मिस्त्रींच्या तोंडी राहिले. बजाजची स्कूटर आणि १९७२ मध्ये आलेली कायनेटिक इंजिनीअरिंगची पन्नास सीसीची लूना या टू-स्ट्रोक गाड्या होत्या. त्यांच्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे, लिटरमागे साधारण २० ते ४० मिलिलिटर. ‘थोडे जास्त बरे’ या समजुतीने ऑइल सढळ हाताने पडे. त्यात गाडीवर ओझे, रस्ता बांधाचा, चाल मंद. प्लगचे टोक तापतच नसे. काळा, ओला, तेलकट प्लग हा त्या काळचा नेहमीचा दोष होता. कधी कार्बनचा बारीक कण गॅपमध्ये अडकून दोन्ही टोके जोडून टाकी आणि चालती गाडी एकदम बंद पडे. प्लग काढून पॉलिश पेपरचा एक हात फिरवला की ती पुन्हा सुरू होई. म्हणून लूनावाल्याजवळ पाना आणि जादा प्लग असायचाच.

प्लगचा क्रमांक न पाहता बदल करण्याची खोडही याच काळातली. प्लग उष्णता किती लवकर सिलिंडरच्या हेडकडे सोडतो यावरून तो ‘गरम’ किंवा ‘थंड’ ठरतो. बॉश-मायकोच्या जुन्या पद्धतीत डब्ल्यू १७५ पेक्षा डब्ल्यू २२५ थंड, म्हणजे आकडा वाढला की प्लग थंड. पुढच्या एक-दोन आकडी पद्धतीत हे उलटले आणि मोठा आकडा गरम प्लगचा झाला. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये मात्र मोठा आकडा आजही थंड प्लगचाच. काळा पडतो म्हणून ‘एक नंबर वरचा’ प्लग मागणाऱ्याला कंपनी बदलल्यावर नेमका उलटा प्लग मिळू शकतो.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली आणि फोर-स्ट्रोक इंजिन खेड्यापाड्यांत पोचू लागले. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळत नाही, त्यामुळे तेलकट प्लगचा अर्थच बदलला. टू-स्ट्रोकमध्ये तो मिश्रणाचा दोष होता. फोर-स्ट्रोकमध्ये तो झिजलेल्या पिस्टन रिंगांचा किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा पुरावा ठरला, आणि अशा गाडीला कितीही नवे प्लग घातले तरी उपयोग नसतो. याच दशकात ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट आणि कंडेन्सर जाऊन इलेक्ट्रॉनिक सीडीआय आले. पॉइंट घासून गॅप लावण्याचे कौशल्य निरुपयोगी झाले आणि प्लग बॉडीपासून दूर धरून लांब ठिणगी पाहण्याची सवय धोक्याची झाली. वाट न मिळालेला दाब सीडीआय जाळू शकतो.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. ही तारीख गॅरेजवाल्यांनी कधी टिपून ठेवली नसेल, पण निदानाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. शिसेयुक्त पेट्रोलात नीट चाललेला प्लग छान तपकिरी दिसे आणि ‘चॉकलेटी रंग म्हणजे सेटिंग बरोबर’ हा नियम त्यावरून बनला. शिसेविरहित पेट्रोलात चांगल्या प्लगचे कवच फिकट, राखाडी-पांढरट राहते. जुन्या रंगाच्या आग्रहाने कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत राहिले, की पेट्रोल जास्त जाते आणि मायलेज घसरते. १ एप्रिल २०२० पासून धुराबाबतचे बीएस-६ नियम लागू झाले. इंजेक्टर आणि संगणक आले, कार्बोरेटर गेला. इथेनॉलमिश्रित ई-२० पेट्रोलात रंग आणखी फिकट दिसतो. इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे धानरोवणीच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साठू शकते आणि प्लग ओला निघतो.

निदानाचा क्रम मात्र बदललेला नाही. इंजिन थंड होऊ द्यावे, कारण तापलेल्या ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे उखडतात. भोवतीची माती फुंकून काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. कोरडी काजळी दिसली तर आधी एअर फिल्टर आणि चोक पाहावा. बांधावरच्या मंद चालीनेही प्लग काळा पडतो आणि कोहमारा-देवरी महामार्गावर एक लांब फेरी झाली की तो पुष्कळदा आपोआप साफ होतो. पेट्रोलने ओला असेल तर गाडी ‘ओव्हर’ झाली आहे, म्हणजे पेट्रोल जास्त गेले आहे, किंवा ठिणगी उडत नाही. खडूसारखे पांढरे, फोड आलेले टोक हवेची गळती किंवा चुकीचा गरम प्लग सांगते. लालसर थर पेट्रोलमधल्या रसायनांचा असतो. कवचावर बाहेरून, बॉडीलगत दिसणारे तपकिरी कडे पाहून ‘गॅस लीक आहे’ म्हणून प्लग फेकला जातो, पण ते उच्चदाबाने ओढलेल्या धुळीचे निरुपद्रवी डाग आहेत. उलट कवचाला गेलेला केसासारखा तडा सहज नजरेतून सुटतो, आणि तो प्लग मात्र लगेच बदलावा लागतो.

पावसाळ्यातला दोष अनेकदा प्लगचा नसतोच. प्लग कॅपच्या चिरलेल्या रबरातून पाणी शिरते आणि वीज बाहेरून बॉडीत उतरते. अंधारात गाडी सुरू करून पाहिली तर कॅपभोवती निळी ठिणगी दिसते. कॅप पुसून, सुकवून किंवा बदलून काम भागते.

बीएस-६ गाडीचा मालक असो वा मिस्त्री, दोन गोष्टी पाळाव्यात. मिसिंग करणारी गाडी तशीच चालवू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते आणि तो निकामी करते. आणि प्लग घेताना क्रमांकातले ‘आर’ अक्षर तपासावे. ते आत रेझिस्टर असल्याची खूण आहे. त्याशिवायचा स्वस्त प्लग आटे जुळून बसतो, ठिणगीही देतो, पण त्याच्या विद्युत गोंगाटाने गाडीचा संगणक गोंधळू शकतो.