ठसका लागत नाही म्हणजे गिळणं ठीक आहे का?

लकवा मारल्यानंतर अब्बांना पाणी पिताना ठसका लागतो, घरचे घाबरतात. काही दिवसांनी ठसका थांबतो आणि सगळे निश्चिंत होतात. इथेच आम्हाला सावध करायचं आहे. काही रुग्णांच्या घशाची जाणीव कमी झालेली असते. पाणी श्वासनलिकेत उतरतं, तरी खोकला येत नाही. घरात हे कळणं कठीण. पुष्कळदा न्यूमोनिया झाल्यावरच लक्षात येतं.

म्हणून व्हिडिओफ्लुरोस्कोपी करतात. रुग्णाला बसवून बेरियम मिसळलेलं पाणी, घट्ट पेय, बिस्किट थोडं थोडं देतात आणि गिळतानाचा एक्स-रे व्हिडिओ घेतात. नुसतं 'बेरियम स्वॅलो' ही वेगळी तपासणी आहे. त्यात मुख्यतः अन्ननलिका बघतात आणि त्यासाठी उपाशी राहावं लागतं. चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय ते विचारून घ्या.

रिपोर्टमध्ये अनेकदा 1 ते 8 असा आकडा असतो. ही मोजपट्टी 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. 1 म्हणजे श्वासमार्गात काहीच गेलं नाही. 2 ते 5 म्हणजे शिरलं, पण स्वरतंतूंच्या खाली उतरलं नाही. 6 म्हणजे खाली उतरलं, पण बाहेर फेकलं गेलं. 7 म्हणजे जोर लावूनही श्वासनलिकेतून निघालं नाही. आणि 8 म्हणजे खाली गेलं, पण शरीराने ते बाहेर टाकायचा प्रयत्नच केला नाही. सर्वात वरचा आकडा न खोकणाऱ्याचा आहे, हे लक्षात घ्या.

मात्र एकाच आकड्यावर अडून बसू नका. पाण्याला 8 आणि घट्ट खिचडीला 1 असंही होऊ शकतं. कोणत्या पदार्थाला किती, घशात अन्न साचून राहतं का, हनुवटी खाली करून गिळल्यावर फरक पडतो का, हे सगळं मिळून त्रास किती गंभीर ते ठरतं. रुग्ण चहात पाव बुडवून खात असेल तर स्पीच थेरपिस्टला आधीच सांगा. पातळ आणि घन एकत्र गिळणं अनेकांना जास्त जड जातं.

रुग्णाला हलवणं शक्य नसेल तर नाकातून बारीक कॅमेरा घालून खाटेवरच तपासता येतं. त्यात एक्स-रे नाही, पण गिळण्याच्या नेमक्या क्षणी पडदा पांढरा होतो, तेवढं दिसत नाही.

बेरियममुळे एक-दोन दिवस शौच पांढरट होतं, त्याला घाबरू नका. बद्धकोष्ठता झाली तर मात्र डॉक्टरांना सांगा. पाणी बंद असलेल्या रुग्णाला स्वतःच्या मनाने पाणी पाजू नका.