प्रयोगशाळेतून रस्त्याकडे : पुणे परिसरातील विद्युत वाहन संशोधनाचा इतिहास आणि संस्था-उद्योग सहकार्य

खडकवासला हे नाव सामान्यतः धरण व राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी यांच्याशी जोडले जाते. तथापि पुणे परिसरातील उपयोजित संशोधनाच्या इतिहासातही या स्थानाला महत्त्व आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारने 1916 मध्ये स्थापन केलेल्या पाटबंधारेविषयक विशेष कक्षातून येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा विकसित झाली. बंधारा वा बंदर प्रत्यक्ष बांधण्यापूर्वी त्याची लहान प्रतिकृती करून तिच्यातून पाणी सोडून पाहावे, ही पद्धती येथे रुजली. लगतच्या गिरीनगर येथे 1967 मध्ये शस्त्रास्त्र तंत्रज्ञान संस्था आली व 2000 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दोन्ही ठिकाणी मागणी करणारा मात्र शासनच होता; खाजगी उद्योगाशी भागीदारीचा प्रश्न तेथे प्रकर्षाने उद्भवला नाही.

वाहन क्षेत्रात तो उद्भवला. वाहन उद्योग व भारत सरकार यांनी मिळून 1966 मध्ये ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही संस्था पुण्यात स्थापन केली. तिचे मुख्य कार्य चाचणी व प्रमाणीकरण यांचे राहिले. नवे तंत्रज्ञान निर्माण करणे हे निराळे काम होय, आणि या दोहोंतील अंतर पुढील काळात स्पष्ट झाले. 2010 मध्ये केपीआयटी कमिन्स व भारत फोर्ज यांनी ‘रेव्होलो’ हा संकरित संच जाहीर केला. वापरातील मोटारीत तो बसवावा अशी कल्पना होती. कल्पना कल्पक होती, परंतु सामान्य ग्राहकाच्या मोटारीपर्यंत ती पोहोचली नाही.

अधिक उद्बोधक उदाहरण हायड्रोजन इंधन घटाचे आहे. या घटात हायड्रोजनचे प्रोटॉन एका पातळ पटलातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन बाहेरील मंडलातून वाहून वीज देतात आणि अखेरीस पाणी उरते. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (स्थापना 1950) व कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था यांच्याकडे या विषयाचे मूलभूत ज्ञान होते. प्रयोगशाळेतील घट आणि मोटारीत धक्के सोसणारा घटसंच यांत मात्र मोठे अंतर असते. ते ओलांडण्यासाठी 2016 मध्ये केपीआयटीची निवड झाली. डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक असताना सुरू झालेल्या ‘न्यू मिलेनियम’ योजनेतील उद्योगप्रणीत प्रकल्पांच्या वर्गात हे काम झाले. घटसंचाची अभियांत्रिकी, हलक्या धातूच्या पट्ट्या, नियंत्रण प्रणाली व वाहनातील जोडणी ही उद्योगाची बाजू होती. ऑक्टोबर 2020 मध्ये 10 किलोवॅट क्षमतेच्या संचावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी झाली. 350 बार दाबाच्या टाकीतील सुमारे पावणेदोन किलो हायड्रोजनवर ती ताशी 60 ते 65 किलोमीटर वेगाने सुमारे 250 किलोमीटर जाईल, असे सांगण्यात आले. ऑगस्ट 2022 मध्ये याच सहकार्यातील बसचे पुण्यात उद्घाटन झाले.

येथे एक विसंगती नोंदवणे अगत्याचे आहे. 2019 मध्ये पुणे महानगर परिवहनाच्या ताफ्यात पहिल्या विद्युत बसगाड्या आल्या, त्या ओलेक्ट्रा व चीनच्या बीवायडी यांच्या सहकार्यातील होत्या. ज्या शहरात घटसंचाचे संशोधन चालू होते, त्याच शहराने तयार तंत्रज्ञान विकत घेतले. प्रवाशाला वेळेवर बस हवी असते आणि संशोधनाची गती निविदेच्या मुदतीशी जुळत नाही. त्यामुळे हा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. परंतु स्थानिक संशोधनाला स्थानिक ग्राहक लाभला नाही, हे सत्य उरतेच.

डिसेंबर 2023 मध्ये केपीआयटीने सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. त्यामागे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेबरोबरचे काही वर्षांचे काम होते. लिथियमसाठी आयातीवर अवलंबून असलेल्या देशात विपुल सोडियमचे महत्त्व उघड आहे. ऊर्जाघनतेत मात्र लिथियमची सरशी अद्याप टिकून आहे.

वरील उदाहरणांत सहभागी झालेल्या संस्था राष्ट्रीय दर्जाच्या आहेत. संलग्न महाविद्यालये या करारांत पक्षकार म्हणून आढळत नाहीत. त्यांचा सहभाग पदवीधरांच्या रूपाने, म्हणजे अप्रत्यक्ष राहिला. वास्तविक घट शेकडो वेळा भारित-विसर्जित करून नोंदी ठेवणे, उन्हाळ्यातील तापमानात त्याचे वर्तन तपासणे हे काम संयमाचे आहे. त्याला अवाढव्य यंत्रसामग्री लागत नाही. खडकवासल्याच्या प्रतिकृतींभोवती पाण्याची पातळी मोजत बसणाऱ्या सहायकांचे कामही याच जातीचे होते.