'केइली': शेजारच्या चुलीपासून परवान्यापर्यंत
आयरिश भाषेतील 'केइली' हा शब्द आज सामूहिक नृत्यासाठी रूढ असला, तरी त्याचा मूळ अर्थ संध्याकाळी शेजाऱ्याकडे गप्पांना जाणे एवढाच होता. चुलीत पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली जळाऊ माती, धुमसत असे. कथा रंगत, फिडल वाजे आणि मातीच्या जमिनीवर पावलांचा ठेका घुमावा म्हणून प्रसंगी घराचे दारच बिजागऱ्यांवरून उतरवून आडवे टाकले जाई. या नावाचा पहिला जाहीर नृत्यसमारंभ गेलिक लीग या भाषासंवर्धक संस्थेने १८९७ मध्ये भरवला, तोही लंडनमध्ये. आयर्लंडमध्ये १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नृत्यालाच परवाना सक्तीचा केला होता, तरी त्याचा धाक दाखवून धर्मगुरू व पोलिसांनी अनेक ठिकाणी घरगुती मैफलीही मोडून काढल्या, आणि ज्या स्वयंपाकघरांत हे संगीत वाढले, तीच अन्यायाने मुकी झाली.