चाकांवरचं घर आणि हाताचं काम

'नोमॅडलँड' (२०२०) या चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे. फर्नची व्हॅन बंद पडते. दुरुस्तीला दोन हजार डॉलरहून जास्त खर्च येणार असतो. एवढे पैसे घालण्यापेक्षा ही विकून दुसरी बघा, असा सल्ला तिला गॅरेजमध्ये मिळतो. हिशेबाने तो चुकीचा नाही. पण फर्न त्या व्हॅनमध्ये राहते. घर असं कसं मोडीत काढणार? शेवटी ती बहिणीकडे उसने पैसे मागायला जाते.

आरव्ही, म्हणजे बिछाना-स्वयंपाकघरासकट हिंडणारी गाडी. अमेरिकेत तिच्या दुरुस्तीची मजुरी एवढी का वाढली, हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

१९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा इथे 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही भटक्या मोटारवाल्यांची संघटना उभी राहिली. रेडिएटरच्या झाकणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण. तेव्हाची फोर्डची मॉडेल टी इतकी साधी होती, की बरीचशी दुरुस्ती मालक स्वतःच रस्त्याकडेला उरकत असे. वेळ तेव्हाही जायचा, पण त्याचं बिल कोणी करत नसे.

पुढे कारखान्यांनी चमत्कार केला. १९०८ साली ८५० डॉलरला मिळणारी मॉडेल टी १९२५पर्यंत तीनशेच्या आत आली. तीच युक्ती १९६६ साली आयोवातल्या विनेबागो कंपनीने मोटरहोमला लावली. जुळणीच्या साखळीवरून उतरणारी तिची घरं स्पर्धकांच्या जवळपास निम्म्या किमतीत विकली जाऊ लागली.

योगायोग असा, की त्याच १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांचं रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावरचं पुस्तक आलं. बीथोवनची चौकडी वाजवायला त्याच्या काळी चार माणसं लागत आणि आजही तेवढीच, तेवढाच वेळ लागतात. कारखान्यात माणशी उत्पादन वाढतं, तसे पगार वाढतात. वादकाचं 'उत्पादन' वाढत नाही, पण त्याला टिकवायचं तर त्याचाही पगार वाढवावा लागतो. म्हणून वस्तू स्वस्त होत जातात आणि हाताचं काम महाग.

आरव्हीचं छप्पर गळतं, तेव्हा नेमकं हेच होतं. सांधा बुजवायच्या सीलंटची नळी काही डॉलरची. पण पाणी शिरतं एका जागी आणि दिसतं भलतीकडेच. ते शोधायला, कुजलेलं प्लायवूड काढायला तासांमागून तास जातात, आणि बिल तासावर होतं. त्या दरात कारागिराच्या मजुरीबरोबर जागेचं भाडं, विमा, प्रशिक्षण हे सगळं आलं. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! शिवाय हा कारागीर एकाच वेळी सुतार, वायरमन, प्लंबर आणि गॅसवाला असावा लागतो.

असा माणूस घाईने घडत नाही. गाड्या मात्र घाईने घडतात. या उद्योगाची राजधानी म्हणजे इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट. तिथल्या अनेक कारखान्यांत उक्त्या दराने काम चालतं. जितके नग, तितके पैसे. २००९च्या मंदीत अमेरिकेतल्या उत्पादकांनी सुमारे १,६५,७०० आरव्ही बाजारात पाठवल्या. करोनाकाळात मागणी उसळली आणि २०२१ साली हा आकडा सहा लाखांवर गेला. कारागीर काही त्या वेगाने वाढू शकत नव्हते. मग मजुरी वाढली आणि रांगाही वाढल्या.

सुट्टीपुरती आरव्ही वापरणाऱ्याला ही रांग म्हणजे हुकलेली सहल. तिच्यातच राहणाऱ्याला, गाडी गॅरेजमध्ये असेपर्यंत, रात्री झोपायचं कुठे हा प्रश्न असतो. जुनी, वॉरंटी संपलेली गाडी बहुधा त्याच्याच वाट्याला आलेली असते.

म्हणून ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात जमणारे भटके एकमेकांना दुरुस्ती शिकवतात. टँपाच्या मंडळींचाच हा मार्ग. फरक एवढाच, की त्यांच्याकडे मॉडेल टी होती आणि यांच्या पायाखाली गॅसच्या नळ्या, विजेच्या तारा आणि कुजत चाललेली फरशी आहे.