तबकडी आहे, पण वाचणार कोण? वऱ्हाडातल्या एका अडलेल्या यंत्राचा इतिहास

आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटिअर आजही कोणी उघडून वाचू शकतो. १९१० चे अकोला जिल्ह्याचे आणि १९११ चे अमरावती जिल्ह्याचे गॅझेटिअरही तसेच. कागद पिवळा पडला, कडा झिजल्या, तरी डोळे आणि उजेड एवढ्यावर काम भागते.

याच दोन जिल्ह्यांतील साधारण १९९८ ते २०१२ या काळाचे तसे नाही. लग्नांची चित्रणे, कीर्तने, संस्थांच्या स्मरणिकांचा मजकूर असे बरेच काही सीडी आणि डीव्हीडीवर गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची सॉफ्ट कॉपी आवश्यक केली, तीही अनेकदा सीडीवरच दिली जाई. राज्याच्या गॅझेटिअर विभागाने तर जुने खंडच सीडीवर आणले. आता नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसते. म्हणून हे सारे वाचायला बहुधा एखादा वापरलेला, दुसऱ्या हाताचा लॅपटॉप शोधावा लागतो, आणि नेमकी त्याचीच ड्राइव्ह अडलेली निघते.

अशा वेळी दोष तबकडीला दिला जातो. तो बऱ्याचदा चुकीचा असतो.

सीडी बाजारात आली ती ऑक्टोबर १९८२ मध्ये, जपानात. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून तिचे मानक ठरवले होते. तबकडीवर १.६ मायक्रोमीटर अंतराने फिरणारी एकच सर्पिल रेघ असते आणि ७८० नॅनोमीटरचा लेसर ती वाचतो. रेघेला कशाचाही स्पर्श होत नाही, त्यामुळे वाचून तबकडी झिजत नाही. झिजतो तो लेसर आणि मळते ते त्याचे छोटेसे भिंग. अकोल्यातली उन्हाळ्यातली धूळ आणि हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारे रुईचे तंतू या भिंगाला मुळीच मानवत नाहीत. ट्रे बाहेर काढून हवेच्या फुग्याने धूळ उडवणे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंचित ओलावा दिलेल्या कापसाच्या काडीने भिंग अलगद टिपणे, एवढ्यानेही काही ड्राइव्ह पुन्हा वाचू लागतात.

पण त्याआधी ड्राइव्ह आत आहे का, हे पाहावे! जुन्या लॅपटॉपमध्ये ती काढून त्या जागी कॅडीत दुसरी हार्ड डिस्क, नाहीतर नुसते प्लॅस्टिकचे झाकण बसवलेले असते. ड्राइव्ह आहे, पण विंडोजला दिसत नाही, असे असेल तर संशय आधी सॉफ्टवेअरवर घ्यावा. सीडी लिहिणारी जुनी सॉफ्टवेअर रजिस्ट्रीत ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ नावाच्या नोंदी मागे ठेवून जात, आणि त्या बिघडल्या की धडधाकट ड्राइव्हही गायब होते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केल्यावर ती दिसली, तर यंत्र निर्दोष आहे हे कळते.

सीडी चालते आणि डीव्हीडी चालत नाही, ही तक्रारही वरचेवर ऐकू येते. तिचे मूळ १९९६ मध्ये आहे. त्या वर्षी आलेल्या डीव्हीडीची रेघ ०.७४ मायक्रोमीटर अंतराची, म्हणून तिला ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर लागतो. दोन्ही लेसर एकाच डोळ्यात शेजारी बसवलेले असतात आणि त्यांतला एक आधी मरू शकतो. तसे झाले, तर भिंग कितीही पुसले तरी उपयोग नाही, ड्राइव्हच बदलावी लागते. अनेक लॅपटॉपमध्ये ती तळाच्या एका स्क्रूवर असते. नवी घेताना तिची जाडी १२.७ मिलिमीटर आहे की ९.५, तेवढे मोजावे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वाधिक रस वाटावा असा बिघाड मात्र बिघाडच नव्हे. चित्रपट कंपन्यांनी डीव्हीडीसाठी जगाची वाटणी केली: अमेरिका विभाग १, युरोप व जपान २, भारत ५. २००० पासून ही खूण ड्राइव्हच्या स्वतःच्या स्मृतीत राहू लागली. ती पाच वेळा बदलता येते, मग कायमची गोठते. विंडोज नव्याने टाकूनही ती सुटत नाही. अमेरिकेत वापरला गेलेला लॅपटॉप फिरत फिरत अमरावतीत आला, तर त्याच्या ड्राइव्हच्या लेखी अमरावती अजून अमेरिकेतच असते. घरच्या लग्नाच्या डीव्हीडीवर अशी खूण नसते, म्हणून ती चालते आणि दुकानातल्या चित्रपटाची अडते. निदान तिथेच होते.

ड्राइव्ह वाचू लागली की आधी चित्रण पाहत बसू नये, पूर्ण तबकडीची आयएसओ प्रत करून घ्यावी. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगद्रव्याचा थर उष्णतेने व उजेडाने खराब होतो, आणि वऱ्हाडचा मे महिना ४५ अंशांपलीकडे जातो. तबकडी मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल नव्हे. आडवा ओरखडा रेघेचा थोडाच भाग तोडतो आणि दुरुस्तीची गणिती व्यवस्था तो भरून काढते. रेघेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग मजकूर गिळतो. तरीही काही भाग अडलाच, तर ‘डीडीरेस्क्यू’ एका ड्राइव्हने वाचलेले आणि दुसऱ्या ड्राइव्हने वाचलेले तुकडे एकत्र जुळवू शकते.

एवढे करूनही फाइल उघडल्यावर कधीकधी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. तो काळ युनिकोडपूर्व फाँटचा होता. देवनागरी अक्षराच्या जागी भलतेच चिन्ह साठवले जाई आणि फाँट त्याला पडद्यावर मराठी रूप देई. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ही महानुभावांची पवित्र भूमी, आणि त्या पंथाची सकळ लिपी नेमकी याच तत्त्वावर चाले: एका अक्षरासाठी दुसरेच चिन्ह. पोथ्या शाबूत होत्या, पण वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल करेपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांना त्या मुक्याच राहिल्या. जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आज सहज मिळतात. फक्त मूळ फाँट कोणता होता हे माहीत असावे लागते, आणि तबकडीवर मार्करने तेवढेच लिहायचे राहिलेले असते.