रोग्याची हकीकत आणि नाट्याचें ऋण

संध्याकाळच्या वेळीं दूरचित्रवाणीवर रुग्णालयांतील एखादी मालिका चालू असावी, पडद्यावरील रोगी क्षणोक्षणीं खालावत जावा, आणि शेवटच्या पांच मिनिटांत एखाद्या विक्षिप्त वैद्याच्या डोक्यांत अकस्मात् प्रकाश पडून रोग्याचे प्राण वांचावेत, हा प्रकार आतां घरोघर परिचित झाला आहे. असें खरोखर घडतें काय, असें कोणी विचारल्यास सुशिक्षित मनुष्य "हें सारें कल्पित" असें म्हणून मोकळा होतो. वस्तुतः या मालिकांतील पुष्कळशा व्याधि कोणा ना कोणा हाडामांसाच्या माणसानें प्रत्यक्ष भोगलेल्या आहेत. कल्पित असतो तो बहुधा वैद्य. खरी हकीकत पडद्यापर्यंत कशी पोंचते आणि वाटेंत तिच्यांतून काय गळून पडतें, हें पाहण्याचा आमचा हेतु आहे.

हा वैद्यहि अगदींच निराधार नव्हे. त्याची वंशावळ शोधूं गेल्यास ती स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं पोंचते. तेथील शस्त्रवैद्य जोसेफ बेल (१८३७–१९११) हे रोग्याला नुसतें पाहून त्याचें पूर्ववृत्त सांगत, अशी त्यांची ख्याति होती. एकदां एक अनोळखी मनुष्य समोर येतांच, तो स्कॉटिश पलटणींतून नुकताच सुटलेला कनिष्ठ अधिकारी असून बार्बाडोस बेटांत राहून आलेला आहे, असें त्यांनीं सांगितलें. तर्क साधा होता. मनुष्य अदबशीर असूनहि त्यानें टोपी काढली नाहीं, ही लष्करी संवय. आणि त्याला जडलेला हत्तीपाय हा रोग वेस्ट इंडीजकडचा, ब्रिटनमधला नव्हे. अशा प्रसंगांचे साक्षी असलेल्या विद्यार्थ्यांत आर्थर कॉनन डॉइल हे होते. १८८७ सालीं त्यांचा शेरलॉक होम्स लोकांपुढें आला, तो बेल यांची दृष्टि घेऊन. पुढें २००४ ते २०१२ पर्यंत अमेरिकेंत चाललेल्या 'हाउस' या मालिकेनें होम्सलाच पुन्हा वैद्य केलें. नांवांतील श्लेष उघड आहे. 'होम' काय आणि 'हाउस' काय, दोन्ही घरेंच. बिऱ्हाडाचा '२२१ ब' हा क्रमांकहि होम्सचाच. एवंच, रुग्णालयांतून निघालेला हा गुप्तहेर शतकाहून अधिक काळानें रुग्णालयांत परत आला.

वैद्य मिळाला, रोगी कोठून आणावयाचे? ती सामग्री बऱ्याच अंशीं नियतकालिकांनीं पुरविली. 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिक मासिकवजा पुरवणींत डॉ. लिसा सँडर्स या २००२ पासून अवघड निदानांच्या खऱ्या हकीकती लिहूं लागल्या. 'हाउस'ची कल्पना या सदरावरून स्फुरली, आणि सँडर्सबाई पुढें मालिकेच्या सल्लागार झाल्या. त्यांच्या पूर्वीं अर्धें शतक 'न्यू यॉर्कर' या साप्ताहिकांत बर्टन रूशे यांनीं हाच मार्ग घालून दिला होता. त्यांच्या १९४८ सालच्या एका लेखांतील हकीकत येथें थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे.

२५ सप्टेंबर १९४४ रोजीं न्यू यॉर्कमध्यें एका दिवसांत अकरा निराश्रित माणसें अंगानें निळीं पडून रुग्णालयांत आलीं. प्रथम विषारी वायूची शंका घेण्यांत आली. परंतु आरोग्यखात्याचे डॉ. ग्रीनबर्ग व डॉ. पेलिटेरी यांनीं रोग्यांपाशीं बसून चौकशी केली, तेव्हां सर्वांनीं एकाच स्वस्त भोजनगृहांत ओटची लापशी खाल्ली होती असें कळलें. तेथें मांस टिकविण्याचें सोडियम नायट्राइट चुकून मिठाच्या जागीं वापरलें गेलें होतें. तथापि तीच लापशी इतर पुष्कळांनीं खाल्ली होती. मग बाधा या अकरांनाच कां? मेजांवरील मिठाचीं भांडीं तपासतां एकांत तेंच विष सांपडलें. हीं माणसें मद्यपी; मद्यपी मनुष्याला खारटाची ओढ अधिक असते, म्हणून त्यांनीं लापशीवर आणखी मीठ घातलें असावें, असा तर्क ग्रीनबर्ग यांनीं केला. अकरांपैकीं एक दगावला.

अशीच दुसरी हकीकत कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो गांवची. १९६१ सालीं तेथील कांहीं मुलांना विषबाधा झाली. शोधाअंतीं असें दिसून आलें कीं, त्यांच्या नव्या जीनच्या विजारींवर वाहतुकींत कीटकनाशक सांडलें होतें आणि तें कातडीवाटे शरीरांत भिनलें होतें. 'हाउस'च्या २००५ मधील 'पॉयझन' या भागांत अशीच विषारी विजार आली आहे.

आतां गळलें काय तें पाहूं. मूळ हकीकतींत कोणीहि एकटा अलौकिक बुद्धीचा पुरुष नाहीं. चार दवाखान्यांत फिरणारे, रोग्यापाशीं बसून त्यानें काय खाल्लें तें विचारणारे, भोजनगृहाच्या मुदपाकखान्यांत डोकावणारे पगारी अधिकारी आहेत. नाट्याला इतक्या माणसांचा भार सोसत नाहीं; त्यांचें श्रेय एका नायकाच्या पदरीं टाकणें त्याला सोयीचें पडतें. दुसरी गोष्ट शेवटाची. १९९६ सालीं एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत छापलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, तीन मालिकांत हृदय बंद पडलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ७५ तत्काळ शुद्धीवर आणले जातात आणि शेंकडा ६७ घरीं जातात. प्रत्यक्षांत हें यश याहून फारच कमी असतें. पडद्यावरून अशी आशा घेऊन आलेल्या नातेवाइकांना खरी वस्तुस्थिति सांगणें, हें वैद्याच्या वांट्यास येतें.

पण ऋण फिटल्याचेंहि एक उदाहरण आहे. जर्मनींतील मारबुर्ग येथील प्राध्यापक युर्गेन शेफर हे 'हाउस'चे भाग दाखवून विद्यार्थ्यांना निदान शिकवीत. २०१२ सालीं त्यांच्याकडे हृदय क्षीण झालेला, दृष्टि व श्रवण मंदावलेला, अंगांत ताप असलेला एक रोगी आला. त्याच्या खुब्याचा कृत्रिम सांधा धातूचा आहे हें कळतांच त्यांना २०११ मधील एका भागांतील कोबाल्टची विषबाधा आठवली. रक्तांत कोबाल्ट अतिशय वाढलेलें निघालें. पूर्वींचा चिनी मातीचा सांधा फुटून त्याच्या कणांनीं नवा धातु झिजविला होता. हा वृत्तान्त २०१४ सालीं 'लान्सेट'मध्यें छापला गेला. सांधा बदलल्यावर हृदय कांहींसें सुधारलें. दृष्टि व श्रवण मात्र फारसें परतलें नाहीं. मालिकेंत असा अर्धवट शेवट बहुधा नसता. शिवाय मालिकेंतील ती व्याधीहि वैद्यकीय वाङ्मयांत पूर्वींच नोंदलेल्या प्रकारची होती. म्हणजे एका अज्ञात रोग्याचें दुःख नाट्याच्या वाटेनें दुसऱ्या रोग्याच्या उपयोगीं पडलें.

म्हणून या मालिका पाहूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. त्या पाहतांना एवढेंच ध्यानीं असावें कीं, निदान मिठाच्या भांड्यांत, नव्या विजारींत किंवा जुन्या शस्त्रक्रियेंत दडलेलें असूं शकतें, आणि तें आपल्याखेरीज कोणास ठाऊक नसतें. उद्यां आपला वैद्य "काल काय खाल्लें, कोठें गेलां होतां, पूर्वीं काय झालें होतें?" असे कंटाळवाणे प्रश्न विचारूं लागला, तर त्याला उतावीळपणें थांबवूं नये. सर्व सांगावें.